यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर: आठ महिन्यांनंतर

दिवाळीत घेतला होता, आता आठ महिने होत आले. घेण्याचं कारण म्हणजे गावी कुडाळजवळ बाबांकडे टीव्हीला जुना डीव्हीडी प्लेयर आहे आणि जत्रेतलं दशावतार त्यांना टीव्हीवरच बघायचं असतं, मोबाईलवर पाठवलं तर दोन मिनिटं बघून ठेवून देतात. नाटक मी मोबाईलवर शूट करतो आणि डिस्क करून गावी पाठवतो.

पहिल्या महिन्यात 11 पैकी 6 डिस्का वाया गेल्या आणि मी रायटर परत करायला निघालो होतो. बरं झालं केला नाही, कारण बहुतेक चुका त्याच्या नव्हत्याच.

पहिली चूक म्हणजे एमपी४ फाईल तशीच डिस्कवर टाकली. लॅपटॉपवर मस्त चालली, बाबांच्या प्लेयरने घेतलीच नाही. जुन्या प्लेयरला एमपी४ कळत नाही, त्याला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो, त्यात व्हीओबी आणि आयएफओ फाईली, आणि आतला व्हिडिओ एमपीईजी-२ मधला, आपल्याकडे टीव्हीची पाल (PAL) पद्धत म्हणजे 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम. हे सगळं डीव्हीडीस्टायलर करून देतं, फुकट आहे, त्यातून आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल, काढायची आणि ती इमगबर्न नावाच्या सॉफ्टवेअरने राइट करायची. इमगबर्न टाकताना मात्र नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करू नका, प्रत्येक पान वाचा, नाहीतर सोबत नको ते पण येतं.

मग साईझ. डिस्कवर 4.7 जीबी लिहिलेलं असतं पण कॉम्प्युटर 4.37 च दाखवतो, मोजायची पद्धत वेगळी आहे, डिस्क खोटी नाही. तीन तासांचं नाटक एका डिस्कवर कोंबलं तर बिटरेट, म्हणजे सेकंदाला व्हिडिओला मिळणारा डेटा, साडेतीन मेगाबिटच्या आसपास येतो आणि युद्धाच्या प्रवेशात, रात्रीचा उजेड त्यात पात्रं गरागरा फिरतायत, सगळीकडे चौकोन चौकोन दिसायला लागतात. आता दीड तासाला एक डिस्क, दोन भाग. खर्च डबल पण राजाच्या तोंडावरचा रंग नीट दिसतो आणि बाबांना तेच हवं असतं.

आवाज पुढेमागे होणं हा सगळ्यात छळणारा प्रकार. सुरुवातीला बरोबर आणि तासाभराने झांज आधी वाजतेय, हात नंतर हलतोय. मोबाईल शूट करताना फ्रेमरेट कमीजास्त करत राहतो म्हणून होतं ते. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, फ्रेमरेट 25 करून घ्यायचं आणि मगच डीव्हीडीस्टायलरमध्ये टाकायचं, तेव्हापासून एकदाही झालं नाही.

आता रायटरचं स्वतःचं. यूएसबी हबला (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीला) लावला की साठ-सत्तर टक्क्यांवर डिस्कनेक्ट, कधी सुरुवातीलाच, लेझरची ताकद डिस्कला जुळवून घेताना, पॉवर कॅलिब्रेशन एरर. मला वाटलं लेझर गेला. पण राइट करताना याला करंट जास्त लागतो आणि यूएसबी 2 चा पोर्ट 500 मिलीअँपचा, त्यात हबवर माऊस आणि पेनड्राईव्ह पण लावलेले. आता थेट लॅपटॉपच्या यूएसबी 3 पोर्टला लावतो, लॅपटॉप चार्जिंगवर ठेवून, आणि तो कॅलिब्रेशनचा एरर स्वस्तातल्या सुट्या डिस्का बंद केल्यावर पूर्ण गेला.

राइट करायचा स्पीड 8 एक्स (मूळ वेगाच्या आठपट) सोडून 4 एक्स ठेवा. वेळ फक्त 14-15 मिनिटं लागतो. 8 एक्सवर केलेल्या डिस्का नाटक संपत आलं की अडकायच्या, डिस्क आतून बाहेर लिहिली जाते त्यामुळे कडेला बिघडलेलं शेवटीच कळतं, आणि तेही गावी गेल्यावर, बाबांचा फोन आल्यावर. म्हणून व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेली डिस्क परत वाचून तपासणं, कायम चालू ठेवतो, तेवढाच वेळ परत जातो पण जाऊ दे. डिस्क मायनस आर (डीव्हीडी-आर) घेतो, त्यांचा प्लेयर प्लस आर (डीव्हीडी+आर) वाचत नाही.

मागच्या पाच महिन्यांत 22 डिस्का केल्या, एकच गेली, तीपण राइट चालू असताना केबल हलली म्हणून. केबल वीतभर आहे आणि आतूनच जोडलेली, त्यामुळे खराब झाली तर बदलता येणार नाही. ती सुटी आणि थोडी लांब असती तर पाच स्टार दिले असते, सध्या चार.