सेल्फ स्टोरेजमधली नोकरी: चावीवाली कंपनी की पिकअपवाली?

सेल्फ स्टोरेजच्या नावाखाली आपल्याकडे पुण्या-मुंबईत दोन वेगळेच धंदे चालतात, आणि जॉइन होईपर्यंत हे कुणी धड सांगत नाही. एक चावीवाली कंपनी, म्हणजे गिऱ्हाईक सामान ठेवायला खोली भाड्याने घेतं, स्वतःचं कुलूप लावतं, पाहिजे तेव्हा येतं-जातं. दुसरी पिकअपवाली, म्हणजे आपली पोरं घरी जाऊन सामान पॅक करणार, टेम्पोत भरणार, वाघोली नाहीतर भिवंडीकडच्या गोडाऊनला नेऊन रचणार आणि गिऱ्हाईकाला मोबाईलवर फोटो आणि लिस्ट मिळणार. मी दोन्हीकडे काम केलंय, सध्या चावीवाल्यांकडे आहे, तेव्हा माझा कल जरा तिकडे झुकलेला वाटला तर समजून घ्या.

पगाराचं म्हणाल तर मला तरी फार फरक दिसला नाही. पिकअपकडे ओव्हरटाइम जास्त मिळतो, कारण महिनाअखेरीला आणि मे-जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत घरं बदलणाऱ्यांची अशी काही गर्दी होते की रात्रीच्या जेवणाचा पत्ता नसतो. कंपनी अगदीच लहान नसेल तर २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याने ठरलेल्या तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर द्यायला लागतो, पण तो स्लिपवर वेगळा दिसतो का हे ऑफर लेटर घेतानाच बघून घ्या. चावीवाल्यांकडे ओव्हरटाइम जवळजवळ नाहीच, आणि रविवारची सुट्टी विसरा, लोक रविवारीच येतात.

चावीवाल्यांकडे कंटाळा येतो हे खरं आहे. दुपारी काउंटरवर बसून सीसीटीव्हीत रिकामे कॉरिडॉर बघायचे, मधेच एखादी इन्क्वायरी, "पन्नास स्क्वेअर फुटात वन बीएचके मावेल का" आणि मग "वर १८ टक्के जीएसटी कशाला?" थकबाकीचे फोन तर मला अजून जमत नाहीत. तीन महिने पैसे नाही आले की त्यांच्या कुलपावर आपलं कुलूप लावायचं, आणि मग तो माणूस काउंटरवर येऊन आवाज चढवतो. भावाभावांची भांडणंही इथेच येतात, आईच्या घरातलं सामान ठेवलेलं असतं, ॲग्रीमेंट एकाच्या नावावर, दुसरा येऊन म्हणतो उघडा. आपण उघडायचं नाही, नावावर आहे त्यालाच बोलवायचं, एवढं पाळलं की डोक्याला ताप नाही.

पिकअपमध्ये माणूस हिंडतो, घरं बघतो, ते मला आवडायचं. रीडेव्हलपमेंटला गेलेल्या बिल्डिंगमधली म्हातारी मंडळी चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. सोसायट्यांचे नियम मात्र डोकं फिरवतात, सर्व्हिस लिफ्टच वापरा, लिफ्टला गोधडी लावा, एक ते चार आवाज नको. पण हे सगळं चालून जातं हो.

मला जे नाही झेपलं ते वेगळं. मधलंच सामान काढून द्यायचं काम!

म्हणजे बघा, गिऱ्हाईकाचं सामान पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर रचलेलं असतं, वरून प्लास्टिकचा स्ट्रेच रॅप मारलेला, रॅकच्या तिसऱ्या लेव्हलला, पुढे दुसऱ्याचं फर्निचर. आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात फोन सुरू होतात: "तेवढा चौरंग आणि समया काढून द्या ना, बाकी राहू दे." तेवढा. लिस्टमध्ये लिहिलेलं असतं "किचन मिक्स, खोके ४" आणि "इतर, खोके ६", कारण पॅक करणारा पोरगा सकाळपासूनचं दुसरं घर आवरत होता. मग फोर्कलिफ्टवाला शोधा, पॅलेट उतरवा, रॅप फाडा, एकेक खोकं उघडा, समया सापडतात त्या मच्छरदाणीत गुंडाळून "बेडरूम" लिहिलेल्या खोक्यात, परत टेप मारा, परत फोटो काढा, परत वर चढवा. गिऱ्हाईकाच्या मते हे दहा मिनिटांचं काम. आणि नंतर घरी सामान पोचलं की काचेच्या कपाटाला ओरखडा निघतो, तो कधीचा हे कुणालाच माहीत नसतं, फोटो मात्र तुम्ही काढलेला असतो. माझे इन्सेंटिव्ह त्यातच गेले एका सीझनला, कुठे ते सांगत नाही.

याचं मूळ कशात आहे हे मला उशिरा कळलं. पिकअपमध्ये माल कंपनीच्या ताब्यात असतो, १८७२ च्या करार कायद्याने तो आपल्याच वस्तूसारखा नीट सांभाळायची जबाबदारी कंपनीवर येते, आणि कंपनी ती हळूच गोडाऊनच्या माणसावर ढकलते. चावीवाल्यांकडे आपण जागा देतो, आत काय आहे ते आपण बघतही नाही (सिलेंडर, पेट्रोल, खाण्याचं सामान नको एवढं सही करताना सांगायचं). पावसाळ्यात चामड्याच्या बुटांना बुरशी आली की इथेही ओरडा बसतो, नाही असं नाही, पण ओलावा आणि उंदीर याच्या पलीकडे फारसं काही अंगावर येत नाही. गणपतीच्या आधी तेच लोक इथे येतात, स्वतःचं कुलूप उघडतात, तासभर खोकी उपसतात, मिळालं की खूश होऊन जातात. मी फक्त ट्रॉली देतो.

तुमचं वय बाविशी-तेविशीचं असेल, पुढे लॉजिस्टिक्समध्येच जायचं असेल, तर पिकअपवाल्यांकडे शिकायला जास्त मिळेल बहुतेक, पॅकिंग, रूट, इन्व्हेंटरी, माणसं हाताळणं सगळं. घरी लहान मूल असेल, पाठ आधीच बोलत असेल, तर मी तरी काउंटर घेईन.

आणि पिकअपवालीच घेणार असाल तर इंटरव्ह्यूत एकच विचारा, मधलं सामान काढून द्यायचा चार्ज लावता का? लावत असतील तर लोक दहादा विचार करून फोन करतात, काम सुसह्य आहे. फुकट असेल तर गणपती उरकेपर्यंत तिथे जॉइन होऊ नका.