पंचगंगेच्या काठी क्रेफिश पाळायचा, तर कोणता?

अॅक्वेरियमच्या दुकानात ‘लॉबस्टर’ म्हणून जे विकतात, तो बहुतेक वेळा गोड्या पाण्यातला क्रेफिश, म्हणजे नांग्या असलेला कोळंबीसारखा कवचधारी जीव असतो. घरी पिल्ले काढायची असतील तर आधी त्याची जात विचारा. टाकी केवढी लागेल, उन्हाळ्यात किती धावपळ होईल आणि पुराच्या वेळी किती घोर लागेल, हे सगळे त्यावरच ठरते.

जागा कमी असेल तर मेक्सिकोतल्या पात्सक्वारो तलावाचा बुटका केशरी क्रेफिश बघा. पूर्ण वाढला तरी जेमतेम ४ सेंटिमीटरचा, म्हणून ४० लिटरच्या टाकीत चार-पाच जण सुखाने राहतात. झाडे उपटत नाही. मादी काही डझन अंडी शेपटीखाली धरते आणि साधारण महिन्याभरात पिल्ले सुटतात. आडोसा भरपूर असेल तर मोठे त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. आयुष्य मात्र दीड-दोन वर्षांचेच. खरी अडचण एप्रिल-मेची आहे. याला २५ अंशांच्या आसपासचे किंवा त्याहून गार पाणी मानवते, आणि कोल्हापूरचा पारा ३५ च्या वर गेला की बंद खोलीतली टाकी सहज २९-३० ला पोहोचते. पाण्यावर वारा लागेल असा छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. एवढे करायची तयारी नसेल तर हा जीव आणू नये.

उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला रेडक्लॉ उन्हाळ्याला डगमगत नाही. २८ अंशांत तो खुशीत असतो, उलट थंडीच्या रात्री हीटर लावावा लागतो. वाढलेल्या नराच्या नांगीच्या कडेला लाल पट्टा येतो, त्यावरून तो ओळखता येतो. पण हा २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, झाडे उकरतो आणि रात्री झोपलेला मासा धरतो. जोडीला २०० लिटरची टाकी हवी. अंडी शेकड्यांनी, आणि सुटलेली पिल्ले एकमेकांना खातात, म्हणून त्यांच्यासाठी दुसरी टाकी, पाइपचे तुकडे आणि कौलांची खापरे तयार ठेवावी लागतात. हौस मोठी, खर्चही तसाच.

तिसरा मार्बल्ड क्रेफिश. पिल्ले काढायला याच्याइतका सोपा कुणी नाही, आणि हाच घेऊ नका असे मी आग्रहाने सांगेन. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या हौशी लोकांकडे तो प्रथम दिसला. सगळ्या माद्याच असतात. नराशिवाय अंडी होतात आणि प्रत्येक पिल्लू आईची हुबेहूब प्रत असते. मादागास्करच्या भातखाचरांत आणि ओढ्यांत तो झपाट्याने पसरला. युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्याला घातक परक्या जातींच्या यादीत टाकून पाळण्या-विकण्यावर बंदी घातली.

कोल्हापुरात हा प्रश्न घरापर्यंत येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांना गेली की इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्याही खूप वर गेले आणि शाहूपुरी, दुधाळीसारख्या भागांत घरांत शिरले. तळमजल्यावरची टाकी त्यात बुडाली तर मार्बल्ड क्रेफिशची एकटी मादीसुद्धा नदीत वंश सुरू करू शकते. भारतात मूळचा क्रेफिश एकही नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत जे खेकडे आहेत, त्यांतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे सापडत नाहीत. त्यांच्या वाट्याच्या पाण्यात आपण हा पाहुणा सोडायचा नाही. रेडक्लॉही सुटला तर जगतो, पण त्याला नर-मादी दोन्ही लागतात. तरी पूररेषेत राहणाऱ्यांनी तोही वरच्या मजल्यावरच ठेवावा.

कोणताही घेतलात तरी टाकीला घट्ट झाकण हवे, कारण हे फिल्टरच्या नळीवरून चढून बाहेर पडतात. माशांच्या औषधात तांबे असेल तर टाकीत घालू नका. क्रेफिश त्याने मरतो. कात टाकल्यावर पडलेले कवच काढू नका, ते खाऊन तो कॅल्शियम परत मिळवतो. पेलेटसोबत (दुकानात मिळणारे तयार खाद्याचे दाणे) वाळलेले देशी बदामाचे पान, उकडलेले गाजर, पालक द्या.

माझे मत विचाराल तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पंखा लावून बुटका केशरीच घ्यावा. जास्तीची पिल्ले रंकाळा किंवा कळंबा तलावात सोडायची नाहीत, म्हणून दुकानदार ती परत घेतो का, हे जोडी आणण्याआधीच विचारून ठेवा.