टपाल खात्याची आरडी : वाचलेला प्राप्तिकर ठेवण्याची जागा

2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरील प्राप्तिकर सवलतीमुळे शून्यावर आला आहे. ज्या पगारदाराचे करपात्र उत्पन्न दहा लाख आहे, त्याला आदल्या वर्षी याच प्रणालीत उपकरासह 52,000 रुपये भरावे लागत. मात्र ही बचत एकरकमी हाती पडत नाही. पगारातली कपात थांबून महिन्याला 4,300 रुपयांच्या आसपास जास्त जमा होतात आणि किराणा, पेट्रोल, मोबाइलचा हप्ता यांत ते कधी जिरले, हे कळतही नाही. त्यातच सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्याने लातूरच्या दुकानांतले फलक खुणावत असतातच.

दरमहा येणाऱ्या पैशाला दरमहाचीच वाट हवी, एवढ्याच विचाराने मी टपाल खात्यात पाच वर्षांची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायची आवर्ती ठेव, उघडली. तेव्हा व्याजदर 6.7 टक्के होता. या दराने 4,300 रुपयांच्या हप्त्यातून भरलेले 2,58,000 रुपये मुदतीअखेर सुमारे 3,07,000 होतात. हा परतावा डोळे दिपवणारा नाही, आणि व्याज करपात्र उत्पन्नात धरले जाते, हेही विसरू नये.

खाते उघडण्याची तारीख मात्र विचार करून निवडावी. पंधरा तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावा लागतो. सोळा तारखेपासून पुढे उघडल्यास महिनाअखेरपर्यंत सवड मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील ज्या गुरुजींचा पगार मागेपुढे होतो, त्यांनी दुसरा पर्यायच घ्यावा, कारण हप्ता चुकल्यास शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड बसतो.

घरी कोरडवाहू शेती असणाऱ्यांना आणखी एक तरतूद उपयोगी वाटेल : बारा हप्ते नियमित भरल्यावर शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने, मिळू शकते. पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे जाण्यापेक्षा हे केव्हाही परवडते. मुदतपूर्व खाते बंद करणे मात्र तोट्याचे आहे. तीन वर्षांनंतरच ते करता येते आणि तेव्हाही व्याज केवळ बचत खात्याच्या दराने मिळते.

क्रेडिट कार्डाचे किंवा हातउसन्या पैशांचे देणे डोक्यावर असेल, तर आधी ते फेडावे; ही आरडी त्यानंतर उघडावी.