इतिहास शिकवायचाय: टीच फॉर इंडिया, बी.एड. की जेआरएफ?

बी.ए.चे निकाल लागले की दोन-चार माजी विद्यार्थी हमखास घरी येतात. "मॅडम, इतिहासच शिकवायचाय, पण आधी कुठे जाऊ?" एकाला टीच फॉर इंडियाची फेलोशिप खुणावत असते, दुसरीने बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरलेला असतो, तिसऱ्याला जेआरएफचा, म्हणजे यूजीसी-नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचा, आकडा तोंडपाठ असतो. मी उलट विचारते, डोळ्यांसमोर वर्ग कोणता आहे? सातवीचा, बारावीचा की सीनियर कॉलेजचा? तिन्ही वाटा शिकवण्याच्याच, पण पोहोचतात वेगवेगळ्या दारांशी.

टीच फॉर इंडिया 2009मध्ये मुंबई-पुण्यातून सुरू झालं. पदवी पुरते, बी.एड. लागत नाही. दोन वर्षं पूर्ण वेळ, अल्प उत्पन्न गटातल्या मुलांच्या शाळेत शिकवायचं आणि दरमहा मानधन घ्यायचं. पहिल्याच महिन्यात अख्खा वर्ग अंगावर येतो. ते शिक्षण कुठल्याही कॉलेजात मिळत नाही. पण तिथे बराचसा वेळ इंग्रजी आणि गणितात जातो, इतिहास वाट्याला येईलच असं नाही. आणि दोन वर्षांनंतर हातात अनुभव असतो, बी.एड.ची पदवी नसते. माध्यमिक शाळेच्या जाहिरातीत ती मागितलेली असते.

बी.एड.ला फेलोशिपचं वलय नाही. फी भरावी लागते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज करता येतात, ते वेळेत करा. तरीही नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवायचं असेल तर माझं मत ठाम आहे: आधी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्यात 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. माझा एक सराव पाठ अजून आठवतो. सातवी, नागरिकशास्त्र, समानतेचा हक्क. पाच पानी टाचण काढून गेले होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सगळे समान, तर आमच्याकडे टँकर आणि पलीकडच्या सोसायटीत नळ का?" मी "पुढे येईल" म्हणून पाठ रेटला. मागे बसलेल्या निरीक्षक बाईंनी वहीत एवढंच लिहिलं: "पाठ इथे सुरू झाला होता." ते वाक्य मला आजही वर्गात उपयोगी पडतं. चुकताना कुणीतरी मागे बसून बघणं, ही बी.एड.ची खरी कमाई.

त्यानंतरची वाट मात्र धीराची आहे. पवित्र या सरकारी शिक्षक भरती पोर्टलवरून भरतीसाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, द्यावी लागते: 200 गुण, त्यात 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे, इतिहासाला स्वतंत्र विभाग नाही. शिवाय ही परीक्षा दरवर्षी होत नाही. 2017नंतर थेट 2023मध्ये झाली. सहावी ते आठवीसाठी टीईटी ही वेगळी शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. अकरावी-बारावी हवी असेल तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही.

जेआरएफ ही यातली सर्वांत मोठ्या रकमेची फेलोशिप: पहिली दोन वर्षं दरमहा 37,000, पुढे 42,000 रुपये. खुल्या गटासाठी वयोमर्यादा 30, महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. पण हा पैसा संशोधनासाठी आहे, शालेय शिक्षक होण्यासाठी नाही. मोडी कागद, दफ्तरखाने, पीएच.डी. आणि पुढे सीनियर कॉलेज, हे मनापासून हवं असेल तरच इकडे या. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत; आपल्या प्रवर्गाची जाहिरात बघत राहा.

घरी लगेच पैसे द्यावे लागत असतील तर टीच फॉर इंडिया आधी करून मग बी.एड. करणं मला पटतं. माझ्या एका विद्यार्थिनीने तसंच केलं. बी.एड.च्या पहिल्या सराव पाठाला बाकीचे घामाघूम झाले होते, आणि ही मुलांना नावाने हाक मारत होती.