चेंबर ऑर्केस्ट्राचा (छोट्या वाद्यवृंदाचा) सीझन: जुनं-नवं एकत्र की वेगवेगळं?
एक पद्धत म्हणजे मोझार्ट-हायडन अशा अठराव्या शतकातल्या संगीतकारांची संध्याकाळ वेगळी आणि नव्या संगीताची वेगळी. तिकीट काढताना काय ऐकायला मिळणार ते कळतं, पण नव्या संगीताला बऱ्याचदा हॉल अर्धा रिकामा राहतो, फार वाईट वाटतं ते बघून.

दुसरी पद्धत, एकाच कॉन्सर्टमध्ये दोन्ही. मला हीच आवडते, कारण बघा ना, एस्टोनियन संगीतकार आर्वो पेर्टचं १९७७ चं 'कान्टुस' म्हणजे नुसती स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं) आणि एक घंटा, सहा-सात मिनिटांत संपतं, आणि लगेच मोझार्टची १७८८ ची ४० वी सिम्फनी सुरू झाली की शंभरदा ऐकलेली ती सुरुवातसुद्धा एकदम ताजी वाटते. फक्त नवीन पीस अगदी शेवटी ठेवू नका, लोक उठून जातात.