आवडत्या गायिकेचं गाणं: स्पॉटिफायवर ऐकावं की बँडकॅम्पवर विकत घ्यावं?

स्वतः लिहिणारी, स्वतः चाल लावणारी, मागे कुठलीही कंपनी नसलेली एखादी गायिका मनात घर करते. मग प्रश्न येतो, तिचं गाणं ऐकायचं कुठे?

स्पॉटिफाय सोयीचं, यात वाद नाही. नवा आवाज बहुधा तिथेच कानावर पडतो. पण 2024 पासून एखादं गाणं बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. नवख्या गायिकेला हा उंबरठा फार जड जातो. शिवाय सगळ्यांची वर्गणी एका सामाईक गल्ल्यात जमते आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटली जाते. महिनाभर फक्त तिलाच ऐकलंत, तरी तुमची वर्गणी थेट तिच्याकडे जात नाही. मला हे मनापासून खटकतं.

बँडकॅम्प म्हणजे कलाकारांना आपली गाणी थेट श्रोत्यांना विकता येणारं संकेतस्थळ. 2008 मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के घेतं. व्यवहाराचा खर्च वजा जाता बाकी तिचं. बऱ्याचदा किमतीपेक्षा जास्त देण्याचीही मुभा असते. फाइल उतरवून घेता येते, म्हणजे उद्या ॲपवरून गाणं गायब झालं तरी ते आपल्याकडे राहतं.

मी शोधते स्पॉटिफायवर. तेच गाणं तिसऱ्यांदा लावावंसं वाटलं, की अल्बम विकत घेते.