पीझेडएल पी-११सी, १:३३ कागदी मॉडेल: काही महिन्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकतो. किट (छापील पानांवरचे भाग कापून चिकटवायचे) चांगलं आहे, भाग एकमेकांत नेमके बसतात आणि काही महिने शेल्फवर काढूनही विमानाने अंग टाकलेलं नाही. पण आयुष्यातलं पहिलं कागदी मॉडेल म्हणून हे घेऊ नका. सूचना नावापुरत्या, त्याही पोलिशमध्ये, आणि इंजिन तुमचा अंत पाहतं.

हे विमान ओळखीचं नसेल तर थोडक्यात: सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, तेव्हा पोलिश हवाई दलाचं मुख्य लढाऊ विमान हेच होतं. कॉकपिट उघडं, चाकं कायम बाहेर, वेग जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानापेक्षा कितीतरी कमी. तरी १ सप्टेंबरच्या सकाळी दोस्त राष्ट्रांच्या बाजूचा पहिला हवाई विजय मिळवण्याचा मान पोलिश वैमानिक व्वादिस्वाव ग्निश याला दिला जातो, तो याच विमानातला. आज जगात एकच पी-११सी उरलंय, क्राकूवच्या विमान संग्रहालयात.

मी हे निवडलं ते पंखांसाठी. त्याचा रचनाकार झिग्मुंट पुलाव्स्की याने पंख धडापाशी बारीक करून वर उचलले आणि मग बाजूला पसरवले, म्हणजे वैमानिकाच्या नजरेआड काही येत नाही. बिचारा १९३१ मध्ये दुसऱ्याच एका विमानाच्या अपघातात गेला. पी-११ चा पहिला नमुना त्यानंतर उडाला.

कागदाची गंमत अशी की तो एका वेळी एकाच दिशेने वळतो. नळी होते, शंकू होतो, चेंडू होत नाही. म्हणून स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखाचा धडाशी होणारा गुळगुळीत सांधा कागदात करताना भलेभले रडकुंडीला येतात. पी-११ मात्र धातूच्या पत्र्याचं विमान, तेही बहुतेक सरळ रेषांचं. पत्र्याला जे जमलं ते कागदाला बऱ्यापैकी जमतं. पंखांचा विस्तार साधारण साडेबत्तीस सेंटीमीटर भरतो, लांबी तेवीसच्या आसपास. फार जागा खात नाही.

खरं काम धडाच्या आतल्या फ्रेममध्ये आहे. त्या एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापायच्या आणि कडा काचपेपरने घासत राहायच्या. वरचं आवरण नुसतं ओढून फ्रेमवर सहज बसलं पाहिजे. जोर लावावा लागला तर थांबा आणि आणखी घासा, नाहीतर पोटाखालचा सांधा मिटत नाही आणि बाहेरून बरगड्या दिसतात. हे कंटाळवाणं आहे, पण मॉडेल ऐटीत दिसणार की आजारी, हे इथेच ठरतं.

इंजिन ब्रिस्टल मर्क्युरी, नऊ सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडर म्हणजे कागदाच्या गोल चकत्यांची चळत: एक मोठी, एक लहान, पुन्हा एक मोठी. बाहेर आलेल्या कडा थंडाव्यासाठीच्या पात्यांसारख्या दिसतात. साध्या कात्रीने या चकत्या गोल कापणं कठीण, गोल चकत्या पाडणारा पंच असेल तर सुख. चकत्यांच्या पांढऱ्या कडा आधीच काळ्या-करड्या रंगवून घ्या, चळत लागल्यावर ब्रश आत पोचत नाही. आणि एवढं सगळं करून ते इंजिन अर्धंअधिक समोरच्या गोल कड्यामागे लपतं! ज्याला घाई आहे त्याने मागच्या बाजूच्या चकत्या खुशाल गाळाव्यात.

आता काही महिन्यांनंतरची अवस्था. पंख जराही झुकलेले नाहीत. त्यांना खालून आधार देणाऱ्या दांड्यांत नुसती कागदाची गुंडाळी न ठेवता मी पोलादी तार घातली, तेच चाकांच्या पायांचं. किटमध्ये तारेचा उल्लेखसुद्धा नाही. चाकं चकत्या एकावर एक चिकटवून, सुपरग्लू मुरवून मग गोल घासली. दगडासारखी झाली आहेत. शेपटीकडच्या आवरणाला मात्र दोन फ्रेमच्या मध्ये किंचित खळगा पडला आहे. पांढऱ्या गोंदातलं पाणी कागद पितो आणि वाळताना आत ओढतो, त्यात दमट हवेची भर. मोठ्या पृष्ठभागांना गोंद अगदी पातळ पसरून लावा, किंवा रबरी गोंद वापरा.

रंगांचं म्हणाल तर खाकी आहे तसा आहे. लाल-पांढऱ्या चौकड्यांतला लाल खिडकीकडच्या बाजूला फिकटला आहे. कापण्याआधी पानांवर मॅट वार्निशचा हात दिला होता. त्याने बोटांचे डाग टळले, उन्हापुढे त्याचं काही चालत नाही. वैमानिकासमोरची पारदर्शक काच मी पांढऱ्या गोंदाने बसवली. तिथे सुपरग्लू आणूच नका, त्याच्या वाफेने प्लास्टिक धुरकट होतं.

एक तक्रार प्रकाशकाकडे. पानांवर इतकी कोरी जागा सोडली आहे, तिथे खाकी आणि निळ्या रंगाची एखादी जास्तीची पट्टी छापायला काय हरकत होती? सांधे झाकायला ती लागतेच. ती नसल्यामुळे जलरंगात खाकी जुळवत बसावं लागतं, आणि वाळल्यावर तो हमखास एक छटा गडद निघतो. विकत घेतलंत तर कात्री लावण्याआधी सगळी पानं स्कॅन करून ठेवा.